मोदकाचे अक्षर आणि घाटावरची पाटी

गेल्या काही वर्षांत आपल्या गावात एक नवे अक्षर घर करून बसले आहे. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या कमानीकडे पाहा, बारशाच्या नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे पाहा, मिठाईच्या खोक्याकडे पाहा. फुगलेली, गोलमटोल, गाल भरलेली अक्षरे हमखास दिसतात. आपल्या शाळेतही ती आली आहेत. स्नेहसंमेलनाचा पडदा, विज्ञान प्रदर्शनाचे फलक, वर्गावर्गांतील वाढदिवसांचे तक्ते, सगळीकडे तीच जाडजूड मंडळी. मुलांना ती फार आवडतात. आणि का आवडू नयेत? पाहिल्याबरोबर हसू यावे असेच त्यांचे रूप आहे.

या अक्षरांविषयी दोन शब्द लिहावेत असे आमच्या संपादक मंडळाच्या मनात बरेच दिवस होते. विषय किरकोळ वाटेल. पालक म्हणतील, अभ्यास, परीक्षा, मराठी वाचणाऱ्या मुलांची घटती संख्या, एवढे प्रश्न असताना अक्षराच्या जाडीवर लेख कशाला? पण अक्षर हे भाषेचे अंगरखे आहे. आपण महाराष्ट्राबाहेर, तापीच्या काठी, पिढ्यान् पिढ्या मराठी जपत आलेली माणसे. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर मराठी कोणत्या रूपात उभी राहते, याची काळजी आपण नाही करणार तर कोण करणार?

प्रथम या अक्षराची ओळख करून घेऊ. अशा फुगीर अक्षरांत सर्वांत नावाजलेल्या अक्षरसंचाचे नाव 'मोदक' असे आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तो तयार केला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे ही त्यामागची मुख्य नावे. आधी हाताने काढलेल्या आकृत्या होत्या. त्यांतून हळूहळू देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा संच उभा राहिला. साधारण २०१५ पासून तो गुगलच्या अक्षरसंग्रहात सर्वांना विनामूल्य मिळतो. कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, छापावा. परवानगी मागायला नको आणि पैसेही नकोत. म्हणूनच मुंबईत जन्मलेले हे अक्षर बुऱ्हाणपूरच्या फ्लेक्सवाल्याच्या संगणकापर्यंत सहज येऊ शकते.

नाव अगदी समर्पक आहे. उकडीच्या मोदकासारखीच ही अक्षरे भरलेली, टम्म. ही भरगच्च जाडी कशी साधली आहे ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. आपण साधे ठळक अक्षर म्हणतो तेव्हा काय होते? रेघ थोडी जाड होते, पण अक्षराच्या पोटातील मोकळी जागा शिल्लक राहते. मोदकात तसे नाही. येथे काळ्या रंगाने अक्षराची जवळजवळ सगळी जागा व्यापली आहे आणि पांढरे उरले आहे ते फक्त दोऱ्याएवढे. साध्या अक्षरात आपण काळी रेघ वाचतो. मोदकात आपण पांढरी रेघ वाचतो. एका पाकळीला दुसरीपासून वेगळे करणारी ती बारीक फट हेच खरे अक्षर, बाकी सारे सारण. एवढी जाडी ठेवून अक्षर ओळखू येईल असे करायचे तर प्रत्येक अक्षराचा निराळा विचार करावा लागतो. क चे पोट एका तऱ्हेने सांभाळायचे, ह ची वळणे दुसऱ्या तऱ्हेने, जोडाक्षरांचे तर विचारूच नका. रोमन लिपीत काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत आटोपते. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, वेलांटी आजूबाजूला, वर शिरोरेषा, आणि शेकडो जोडाक्षरे. तेव्हा या करामतीचे कौतुक आम्ही मोकळ्या मनाने करतो. हे हसरे अक्षर मोठ्या कष्टाने घडले आहे.

जाड अक्षराची हौस काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जाहिरातींचा सुळसुळाट झाला आणि पुस्तकांचे नाजूक अक्षर भिंतीवर टिकेना. मग छापखान्यांनी अक्षरांना खाऊपिऊ घालून लठ्ठ केले. मोठ्या अक्षराचा शिशाचा ठसा फार जड आणि महाग पडे, म्हणून १८२७ पासून अमेरिकेत लाकडी ठसे यंत्राने कोरू लागले. पुढे १९२२ मध्ये शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी 'कूपर ब्लॅक' हे गोलसर, मऊ कडांचे काळेभोर अक्षर काढले. आज शंभर वर्षे उलटून गेली तरी ते दुकानांवर आणि वेष्टनांवर दिसते. मोदक हा त्याच कुळातला, पण आपल्या घरचा पोर म्हणायला हरकत नाही.

मराठीत या गोष्टी वेगळ्या वाटेने आल्या. आपल्याकडे छपाईचे पहिले मोठे काम पोथ्या, पंचांगे आणि पुस्तके यांचे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे ठसे कोरले, त्यांच्या सौंदर्यावर मराठी आणि संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. ते अक्षर तासन् तास वाचण्याचे होते, ओरडून बोलावण्याचे नव्हते. बोलावण्याचे काम आपल्याकडे बराच काळ माणसाच्या हातानेच केले. नाटकाची जाहिरात असो, चित्रपटाचे नाव असो, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ असो, अक्षर त्या त्या प्रसंगासाठी नव्याने काढले जाई. या कलेतील थोर नाव म्हणजे कमल शेडगे. २०२० साली ते निवर्तले. त्यांनी काढलेले नाटकाचे नाव पाहिले की नाटक विनोदी आहे की गंभीर, ऐतिहासिक आहे की घरगुती, हे तिकीट काढण्याआधीच कळे. गावोगावचे पेंटर आपापल्या परीने हेच करीत. आपल्या गावातही दुकानाची पाटी पाहून पेंटर ओळखणारी माणसे होती.

म्हणजे पूर्वी प्रसंग आधी आणि अक्षर नंतर असे. आता अक्षर आधीच तयार असते आणि प्रसंग त्यात कोंबला जातो. आमचा मुद्दा येथून सुरू होतो.

अक्षराला स्वभाव असतो. मोदकाचा स्वभाव आनंदी, थोडा खोडकर, लाडावलेला. तो लहान मुलाच्या गालासारखा आहे. असे अक्षर गोड बातमी सांगायला उत्तम. 'या, बसा, खा, हसा' हे त्याच्या तोंडी शोभते. आपल्या बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी आठवा. नेहमीच्या जिलेबीपेक्षा जाड, गडद, खव्याने भरलेली. तिच्या दुकानावर जर कोणी मोदकाच्या अक्षरात पाटी लावली तर ती जिलेबी आणि ते अक्षर सख्खे भाऊ वाटतील. बालवाडीचे नाव, आनंदमेळ्याची कमान, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचा मथळा, गणेशोत्सवातील महाप्रसादाची सूचना, येथे हे अक्षर आपल्या घरात आहे. एक शब्द, दोन शब्द, फार तर तीन. आकार मोठा. भोवती भरपूर मोकळी जागा. एवढे सांभाळले की तेवढ्यानेच सजावट होते. फुलापानांची नक्षी काढायचीही गरज नाही.

पण जिलेबी कितीही चांगली असली तरी रोजची पोळी तिची करता येत नाही. याच अक्षरात कोणी अर्धे पान मजकूर छापला तर वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि भावनेने नव्हे. लहान आकारात ती दोऱ्याएवढी पांढरी फट शाईने भरून जाते. कागद जितका खरबरीत, तितकी शाई जास्त पसरते. आपल्याच जिल्ह्यातील नेपानगरच्या कारखान्याचा, १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेल्या कारखान्याचा, वृत्तपत्री कागद ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे सांगायला नको. असा कागद शाई पितो. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही तेच होते. मोदकाचा मग नुसता गोळा उरतो.

आणि देवनागरीत गोळा होणे परवडत नाही. आपल्या लिपीत कित्येक अक्षरांच्या जोड्या अशा आहेत की एका बारीक खुणेवर अर्थ उभा असतो. भ आणि म. ब आणि व. प आणि ष. घ आणि ध. ब च्या पोटातील तिरकी रेघ बुजली की 'बाट' आणि 'वाट' यांत फरक उरत नाही. भ ची शिरोरेषा जेथे तुटते ती तूट भरली तर 'भरण' चे काय होते ते वाचकांनीच ताडावे. आपल्या घाटाचेच नाव घ्या. 'राजघाट' मधील घ ची शिरोरेषा सलग आहे. ध ची डावीकडे तुटलेली असते. फुगीर अक्षरात ती तूट केसाएवढी राहते. दहा पावलांवरून दिसेल, पन्नास पावलांवरून नाही. गावच्या माणसाला काही अडत नाही, कारण तो वाचत नाही, ओळखतो. पण परगावाहून आलेला यात्रेकरू, किंवा नुकतेच जोडून वाचायला शिकलेले पहिलीचे पोर, त्यांना अक्षरच वाचावे लागते.

घाटाचे नाव आम्ही उगाच काढले नाही. ज्या कारणासाठी हा लेख लिहिला ते कारण तेथेच आहे.

राजघाटावर दोन तऱ्हेच्या पाट्यांची गरज असते. एक उत्सवाची आणि दुसरी इशाऱ्याची. उत्सवाची पाटी म्हणते 'स्वागत'. इशाऱ्याची पाटी म्हणते 'पाणी खोल आहे, पुढे जाऊ नका'. तापी उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागते आणि पावसाळ्यात तिचे रूप पालटते. वर सातपुड्यात पाऊस झाला की येथे आकाश कोरडे असतानाही पाणी चढते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि जी पायरी काल दिसत होती ती आज पाण्याखाली गेलेली असते. अशा जागी पाटी हे शोभेचे काम नव्हे. ती एखाद्या घरचा दिवा वाचवू शकते.

आता विचार करा. सगळ्या पाट्या एकाच ठिकाणी, एकाच संगणकावर, एकाच घाईत तयार होतात. 'स्वागत' ज्या फुगीर अक्षरात, त्याच अक्षरात 'धोका'. हसऱ्या चेहऱ्याने कोणी धोक्याची सूचना दिली तर मुलगा ती मनावर घेईल का? घरात आई रागावते तेव्हा तिचा आवाज बदलतो, म्हणून मूल थांबते. पाटीला आवाज नाही. तिचे अक्षर हाच तिचा आवाज. खेळकर अक्षरात लिहिलेला इशारा हा हसत हसत दिलेला दम असतो. त्याचा परिणाम शून्य. शिवाय तो लांबून वाचताही येत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

यावर कोणी म्हणेल, जाड अक्षर तर लांबून जास्त दिसते, मग इशाऱ्याला तेच बरे नव्हे का? हा समज फार पसरलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. दिसणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. जाड अक्षर लांबून दिसते खरे, पण एक काळा ठिपका म्हणून. वाचता येते ते आकारातील मोकळ्या जागेमुळे. रेल्वे स्थानकावरील पिवळ्या पाटीवरचे काळे अक्षर पाहा. ते ठसठशीत आहे, पण फुगलेले नाही. त्याची पोटे मोकळी आहेत, मात्रा सुट्या आहेत, अनुस्वार स्पष्ट आहे. धावत्या गाडीतून माणूस 'बुरहानपुर' वाचतो तो त्या मोकळ्या जागांच्या जोरावर.

याचे दुसरे उदाहरण आपल्या नदीतच आहे. किल्ल्याखाली तापीच्या पात्रात दगडाचा हत्ती आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी येथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशानेही त्याची नोंद करून ठेवली आहे. पाणी चढू लागले की जाणती माणसे हत्तीकडे पाहतात. तो किती बुडाला यावरून नदीचा अंदाज घेतात. हत्तीपेक्षा जाड काय असणार? तरी तो लांबून कळतो, कारण त्याची बाह्याकृती स्वच्छ आहे आणि भोवती मोकळे पाणी आहे. तेथे दहा हत्ती खेटून उभे केले असते तर कोणालाच काही कळले नसते. फुगीर अक्षरांची लांबलचक ओळ म्हणजे खेटून उभे केलेले दहा हत्ती. एक असेल तर शोभतो, दहा असतील तर भिंत होते.

आणखी एक गोष्ट आम्हांला मांडायची आहे. ती फक्त फुगीर अक्षराची नसून एकूण मराठी अक्षराची आहे. आपण हिंदी प्रदेशात राहतो. हिंदी ही आपल्या राज्याची भाषा, तिच्याविषयी आपल्या मनात आदरच आहे. पण दोन्ही भाषांची लिपी एक असली तरी वळण एक नाही. हिंदी ल ला उजवीकडे उभा काना असतो. मराठी ल म्हणजे देठाला धरलेल्या दोन पाकळ्या. श चेही वळण निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात लिपीविषयी जो निर्णय काढला, त्यात ल आणि श यांची मराठी वळणाची रूपेच ठरवून दिली. आपल्या मुलांना मात्र बाहेर सगळीकडे हिंदी वळण दिसते, आणि मराठीच्या वहीत बाई दुसरे वळण गिरवून घेतात. ते गोंधळतात. त्यात ळ ची हेळसांड ठरलेली. 'काळे' यांचे 'काले' आणि 'टिळक' यांचे 'तिलक' होणे आपल्याकडे नवीन नाही. आणि 'दऱ्या' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र तर अनेक टंकलेखकांना ठाऊकच नसतो. ते सरळ 'दर्या' लिहून मोकळे होतात. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो!

पूर्वी म्हणता येत होते की यंत्रात सोयच नाही. आता तसे म्हणता येत नाही. संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, ळ ला स्थान आहे आणि ऱ लाही स्वतंत्र स्थान आहे. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की काही अक्षरसंच ल आणि श यांचे मराठी वळण आपोआप पुढे करतात. २००० च्या सुमारास संगणकांवर आलेले 'मंगल' हे देवनागरी अक्षर मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवले होते. सुलेखनाच्या आणि लिपीच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले. २००८ मध्ये ते गेले. 'एक टाइप' सारख्या मंडळींनी ते काम पुढे नेले. एवढे सगळे आयते मिळत असताना 'चालतंय की' म्हणून चुकीचे छापून घेणे हा आळस आहे, अडचण नाही. आणि अक्षर जितके जाड व मोठे, तितकी चूकही जाड व मोठी. वहीतली चूक एक शिक्षक पाहतो, कमानीवरची चूक सारे गाव पाहते.

आता कोणाला असे वाटेल की आम्ही या नव्या अक्षरांच्या विरुद्ध आहोत. मुळीच नाही. उलट या अक्षरकारांच्या कामात आपल्यासारख्या बहुभाषी गावाला घेण्यासारखे खूप आहे. याच 'एक टाइप' ने 'बलू' नावाचा आणखी एक गुबगुबीत अक्षरपरिवार केला आहे. नाव जंगलबुकातल्या अस्वलाचे. मोदकापेक्षा तो सडसडीत, म्हणून वाचायला सोपा. आणि त्यात भारतातील अनेक लिप्या आहेत. गुजराती लिपीच्या भावंडाचे नाव 'बलू भाई', उर्दूच्या भावंडाचे 'बलू भाईजान'. आपल्या गावाला याहून शोभेसे दुसरे काय असणार? येथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती एकाच गल्लीत नांदतात. आणि ही रीत आजची नाही. आपल्या जामा मशिदीत फारुकी राजा अली खान याच्या काळचा, १५९० च्या सुमाराचा लेख आहे. तो अरबीत आहे आणि संस्कृतातही आहे. दोन लिप्या एका भिंतीवर मानाने बसवण्याचे काम या गावाने सव्वाचारशे वर्षांपूर्वी करून दाखवले. तेव्हा चार भाषांतील पाटी एकाच घराण्याच्या अक्षरात, कोणतीही लिपी लहान-मोठी न करता, आपल्या गावात नाही लागायची तर कोठे लागायची?

मग करावे काय? आमच्या मंडळाने काही साध्या गोष्टी शाळेपुढे ठेवल्या आहेत. पालकांनीही त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट. फुगीर, नाटकी, नक्षीदार अक्षर फक्त मथळ्याला आणि आनंदाच्या प्रसंगाला वापरावे. शोकवार्ता, परीक्षेची सूचना, औषधोपचाराची माहिती, रस्ता ओलांडण्याचे नियम, पाण्याजवळचे इशारे, यांना साधे, मोकळ्या पोटाचे, ठसठशीत अक्षर असावे.

दुसरी. कोणताही फलक छापायला देण्याआधी त्याचा नमुना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धरावा आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला वाचायला सांगावे. त्याला वाचता आले तर सगळ्यांना येईल. मैदान नसेल तर डोळे किलकिले करून पाहावे. तरीही अक्षर सुटे दिसले तर ते उत्तीर्ण.

तिसरी. मजकूर मराठी असेल तर ल, श, ळ, ऱ आणि अनुस्वार या पाच जागा छापण्याआधी कोणीतरी मराठी जाणणाऱ्याने तपासाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. वर्षातून निदान एक फलक मुलांनी हाताने काढावा. संगणकावर मोदक निवडायला एक क्षण पुरतो, पण त्यात मुलाला काही शिकायला मिळत नाही. तोच मुलगा चौकटीच्या कागदावर 'क' फुगवू लागला की त्याच्या लक्षात येते, अरे, एक बाजू फुगवली तर दुसरीला जागा उरत नाही. पांढरे किती ठेवायचे, काळे किती करायचे, घ चा ध होऊ नये म्हणून काय सांभाळायचे, हे त्याला हाताने कळते. मोदकाच्या कर्त्यांनीही सुरुवात हातानेच केली होती हे त्याला सांगावे. कोण जाणे, उद्या आपल्याच शाळेतील एखादी मुलगी बुऱ्हाणपूरच्या जिलेबीवरून नवे अक्षर घडवील.

पाचवी गोष्ट घाटाविषयी. राजघाटाच्या पायऱ्यांवर मुलांना जपा असे सांगणारी साधी, स्वच्छ पाटी मराठी, हिंदी आणि उर्दूत असावी, अशी विनंती पालक आणि शाळा यांनी मिळून संबंधितांकडे करावी. अक्षर कोणते असावे, उंची किती, रंग कोणते, याचा नमुना आपल्या वरच्या वर्गातील मुलांनी तयार करावा. पावसाळ्यापूर्वी तो हाती असला म्हणजे झाले. ही स्पर्धा नाही, त्यामुळे बक्षीसही नाही. एखादे पोर ती पाटी वाचून दोन पायऱ्या मागे सरले, की त्याहून मोठे बक्षीस कोणते?

मोदक नैवेद्याच्या पानात शोभतो. त्याला तेथे अवश्य बसवावे, मनापासून बसवावे. पण पानात मीठही लागते, वरणभातही लागतो, आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा लागतो. कोणता पदार्थ पानात कोठे वाढायचा हे आपल्या आज्यांना न शिकवता कळत होते. तेवढीच समज आपण अक्षरांच्या बाबतीत दाखवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाचकांनी आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, शाळेच्या कार्यालयातील पेटीत अवश्य टाकावीत. पुढील अंकात त्यांना जागा देऊ. आणि साध्या, वाचता येईल अशा अक्षरात छापू.